दाताचं एनॅमल आयुष्यात एकदाच बनतं, तेही दात हिरडीतून वर येण्याआधी; हे नेमकं कसं घडतं?

हाड मोडलं तर काही आठवड्यांत सांधतं. गुडघा खरचटला तर नवी कातडी येते. नख तुटलं, केस कापले तरी ते पुन्हा वाढतात. दाताचा टवका उडाला तर मात्र तो आयुष्यभर तसाच राहतो. डेंटिस्ट त्यावर सिमेंट भरतील, कॅप बसवतील, पण शरीर स्वतःहून तो तुकडा परत बनवत नाही.

याचं कारण साधं आहे. दाताचं बाहेरचं पांढरं कवच, म्हणजे एनॅमल, ज्या पेशी तयार करतात त्या दात तोंडात दिसायला लागेपर्यंत नष्ट झालेल्या असतात. कारागीर आपलं काम संपवून निघून गेलेले असतात.

त्यामुळे आज पन्नाशीत असलेल्या माणसाच्या पुढच्या दातांवर जे एनॅमल आहे, ते तो चार-पाच वर्षांचा होईपर्यंत तयार झालेलं आहे. त्या काळात त्यानं कोणतं पाणी प्यायलं, कोणती औषधं घेतली, तो किती आजारी पडला, याच्या खुणा अजून त्या दातांत सापडू शकतात.

दाताच्या आत काय काय असतं?

दात बाहेरून एकसंध दिसला तरी तो वेगवेगळ्या थरांचा बनलेला असतो.

- एनॅमल, म्हणजे दंतवल्क: हिरडीच्या वर दिसणाऱ्या भागावरचं कवच. शरीरातला हा सगळ्यात कठीण पदार्थ. वजनाच्या सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा, उरलेलं पाणी आणि थोडी प्रथिनं. दाढेच्या उंचवट्यांवर त्याची जाडी जास्तीत जास्त अडीच मिलिमीटरच्या आसपास असते.
- डेंटिन: एनॅमलच्या खालचा पिवळसर थर. दाताचा बहुतेक भाग याचाच असतो. यात साधारण ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय पदार्थ (मुख्यतः कोलॅजन) आणि १० टक्के पाणी असतं.
- दंतमज्जा: अगदी मधला मऊ भाग. यात रक्तवाहिन्या आणि नसा असतात. 'दाताच्या नसेपर्यंत कीड गेली' असं आपण म्हणतो, ती हीच जागा.
- सिमेंटम: मुळावरचा पातळ थर. याच्या मदतीनं दात जबड्याच्या हाडात धरून राहतो.

एनॅमल आणि डेंटिन या दोन्हींतलं मुख्य खनिज एकच आहे, हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट. कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे हे स्फटिक. हाडांतही तेच असतं. फरक आहे तो स्फटिकांच्या आकारात आणि मांडणीत. एनॅमल कठीण पण ठिसूळ असतं. डेंटिन त्या मानानं मऊ आणि थोडं लवचिक असतं. चावताना बसणारा दाब खालचं डेंटिन झेलतं, म्हणून वरचं एनॅमल काचेसारखं तडकत नाही.

सुरुवात कधी होते?

आईच्या पोटात गर्भ साधारण सहा-सात आठवड्यांचा असताना. त्यावेळी जबडा जिथे होणार आहे, तिथल्या आवरणाच्या पेशींची एक पट्टी जाड होते आणि आतल्या बाजूला शिरते. तिच्यावर ठरावीक ठिकाणी फुगवटे येतात. एकेक फुगवटा म्हणजे एकेका दाताचं बीज.

हे बीज आधी कळीसारखं दिसतं, मग टोपीसारखं आणि नंतर घंटेसारखं. दंतवैद्यकाच्या पुस्तकांतही या पायऱ्यांची नावं हीच आहेत: कळी, टोपी, घंटा. घंटेच्या अवस्थेत दाताचा आकार ठरतो. तो पटाशीचा दात होणार, सुळा होणार की दाढ, हे तेव्हाच पक्कं होतं.

या घंटेच्या आतल्या कडेला दोन प्रकारच्या पेशी समोरासमोर उभ्या राहतात. बाहेरच्या बाजूला अ‍ॅमेलोब्लास्ट, या एनॅमल बनवतात. आतल्या बाजूला ओडोंटोब्लास्ट, या डेंटिन बनवतात. या दोन पेशींचं मूळ वेगळं आहे. एक तोंडाच्या आवरणातून आलेली, तर दुसरी गर्भाच्या मज्जासंस्थेच्या कडेवरून स्थलांतर करून आलेल्या पेशींपासून झालेली. पण एकीनं इशारा दिल्याशिवाय दुसरीचं काम सुरू होत नाही.

आधी डेंटिन, मग एनॅमल

अनेकांना वाटतं की बाहेरचं कवच आधी बनतं. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे.

बाहेरच्या थरातून आलेल्या रासायनिक संकेतांमुळे आतल्या पेशी ओडोंटोब्लास्ट बनतात. त्या आधी कोलॅजनची जाळी विणतात. या कच्च्या थराला प्रीडेंटिन म्हणतात. मग त्या जाळीत खनिज भरतं आणि पक्कं डेंटिन तयार होतं. डेंटिनचा हा पहिला थर तयार झाला, की समोरच्या अ‍ॅमेलोब्लास्ट पेशी एनॅमल टाकायला सुरुवात करतात.

यानंतर दोन्ही पेशी एकमेकींपासून दूर सरकत जातात. ओडोंटोब्लास्ट आत, म्हणजे दाताच्या मध्याकडे सरकते. जाताना ती आपली एक शेपटी मागे सोडते. त्या शेपटीभोवती डेंटिन जमतं आणि एक सूक्ष्म नळी तयार होते. दंतमज्जेजवळच्या डेंटिनमध्ये एका चौरस मिलिमीटरात अशा हजारो नळ्या असतात. थंड पाणी प्यायल्यावर दात का शिवशिवतात, याचं उत्तर या नळ्यांत आहे. ते पुढे पाहू.

अ‍ॅमेलोब्लास्ट मात्र बाहेर सरकतात आणि मागे काहीच सोडत नाहीत. म्हणून एनॅमलमध्ये ना पेशी असतात, ना नसा, ना रक्तवाहिन्या.

कामाचा वेग फार कमी असतो. दोन्ही थर दिवसाला साधारण ४ मायक्रॉन या हिशेबानं वाढतात. माणसाच्या केसाच्या जाडीचा तो जेमतेम विसावा भाग.

एनॅमल पक्कं कसं होतं?

सुरुवातीला पडणारं एनॅमल कठीण नसतं. त्यात खनिजाचं प्रमाण साधारण ३० टक्केच असतं. बाकी पाणी आणि प्रथिनं. यातलं मुख्य प्रथिन म्हणजे अ‍ॅमेलोजेनिन. स्फटिक कोणत्या दिशेनं लांब वाढणार, हे ठरवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. इमारतीला स्लॅब पडेपर्यंत सेंट्रिंगचा आधार लागतो, तसंच हे.

स्लॅब पक्का झाल्यावर सेंट्रिंग काढावं लागतं. इथेही तेच होतं. पूर्ण जाडी तयार झाली की अ‍ॅमेलोब्लास्ट आपलं काम बदलतात. विशिष्ट एन्झाइम्स प्रथिनांचे तुकडे करतात, पेशी ते तुकडे आणि पाणी बाहेर ओढून घेतात आणि रिकाम्या झालेल्या जागेत कॅल्शियम आणि फॉस्फेट भरत जातात. सुरुवातीचे पातळ, रिबिनीसारखे स्फटिक जाड होत होत एकमेकांना भिडतात. या पायरीला मॅच्युरेशन, म्हणजे एनॅमलचं पक्व होणं म्हणतात. कायमच्या दातांत ही पायरी काही वर्षं चालते.

इथे गडबड झाली तर एनॅमल पूर्ण जाडीचं दिसतं, पण आतून सच्छिद्र राहतं. दातांवरचे अनेक पांढरे, पिवळे आणि तपकिरी डाग याच गडबडीचे असतात.

काम संपलं की अ‍ॅमेलोब्लास्ट पेशी आकसतात आणि दाताभोवती एक पातळ आवरण म्हणून उरतात. दात हिरडी फोडून वर आला की तेही निघून जातं.

कोणता दात कधी बनतो?

दात तोंडात दिसण्याची वेळ आणि तो बनायला सुरुवात होण्याची वेळ यात कित्येक वर्षांचं अंतर असतं.

- दुधाचे दात: पटाशीच्या दातांत खनिज जमायला गर्भाच्या चौथ्या महिन्यात सुरुवात होते. बाळ जन्मतं तेव्हा सगळ्या २० दुधाच्या दातांचं काम सुरू झालेलं असतं. वरचा भाग पहिल्या वर्षभरात पूर्ण होतो.
- कायमची पहिली दाढ: जन्माच्या सुमारास सुरुवात, अडीच-तीन वर्षांपर्यंत वरचा भाग तयार, सहाव्या वर्षाच्या आसपास तोंडात.
- कायमचे पटाशीचे दात: बहुतेकांची सुरुवात जन्मानंतर तीन-चार महिन्यांनी, चार-पाच वर्षांपर्यंत वरचा भाग तयार, सहा ते नऊ वर्षांदरम्यान तोंडात.
- कायमचे सुळे: चार-पाच महिन्यांचं बाळ असताना सुरुवात, सहा-सात वर्षांपर्यंत वरचा भाग तयार.
- दुसरी दाढ: अडीच-तीन वर्षांच्या वयात सुरुवात, बाराव्या वर्षाच्या आसपास तोंडात.
- अक्कलदाढ: सात ते दहा वर्षांदरम्यान सुरुवात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मूल बालवाडीत असतं, तोंडात सगळे दुधाचेच दात दिसत असतात, तेव्हा हिरडीखाली आयुष्यभर पुरवायच्या दातांचं एनॅमल पक्कं होत असतं.

दात म्हणजे बालपणाची डायरी

झाडाच्या खोडात दर वर्षाचं एक कडं असतं. एनॅमलमध्ये तर रोजची रेघ असते. सूक्ष्मदर्शकाखाली या रोजच्या रेघा आणि साधारण आठवड्याच्या अंतरानं येणाऱ्या ठळक रेषा दिसतात. जन्माच्या वेळी बाळाच्या शरीराला बसणाऱ्या ताणामुळे दुधाच्या दातांत एक वेगळीच ठळक रेषा उमटते. तिला निओनेटल लाइन म्हणतात. मृत अर्भक जन्मानंतर काही दिवस जगलं होतं का, हे ठरवताना न्यायवैद्यक तज्ज्ञांना या रेषेची मदत होते.

दात वातावरणातले पदार्थही साठवतात. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातलं. १९५० च्या दशकात जमिनीवर अणुचाचण्या होत होत्या. त्यातून स्ट्रॉन्शियम-९० हा किरणोत्सारी पदार्थ गवतावर, तिथून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या पोटात जात होता. स्ट्रॉन्शियमचे रासायनिक गुण कॅल्शियमसारखे असल्यानं शरीर त्याला दातांत आणि हाडांत बसवतं.

१९५८ च्या अखेरीस तिथल्या शास्त्रज्ञांनी आणि नागरिकांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला सुरुवात केली. डॉ. लुईस रीस या मोहिमेच्या सुरुवातीच्या प्रमुख होत्या. पुढच्या काही वर्षांत जवळपास ३ लाख दात जमा झाले. चाचण्या वाढल्या तसं दातांतलं स्ट्रॉन्शियमही वाढल्याचं त्यातून दिसलं. १९६३ मध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटननं वातावरणातल्या अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार केला. त्यासाठी जनमत तयार होण्यात या दातांचाही वाटा होता.

काम बिघडतं तेव्हा काय होतं?

फ्रेडरिक मॅके हे तरुण डेंटिस्ट १९०१ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात दवाखाना थाटायला आले. गावातल्या अनेकांच्या दातांवर चॉकलेटी डाग होते. मॅके यांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या, तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. गावात जन्मलेल्या किंवा लहानपणी तिथे आलेल्यांनाच डाग होते, मोठेपणी येऊन राहिलेल्यांना नव्हते. आणि डागाळलेले हे दात किडत मात्र कमी होते.

१९२३ मध्ये ते आयडाहो राज्यातल्या ओकली गावात गेले. तिथे गरम पाण्याच्या झऱ्यावरून नवी पाइपलाइन आल्यानंतर मुलांच्या दातांवर डाग दिसू लागले होते. मॅके यांच्या सल्ल्यावरून गावानं पाण्याचा स्रोत बदलला. काही वर्षांत लहान मुलांना स्वच्छ दात यायला लागले. पाण्यात नेमकं काय आहे, हे १९३१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी शोधलं. ते होतं फ्लोराइड.

आज आपण याला डेंटल फ्लोरोसिस म्हणतो. एनॅमल पक्व होत असताना शरीरात फ्लोराइड जास्त गेलं तर प्रथिनं नीट बाहेर पडत नाहीत आणि खनिज कमी भरतं. दात वर येतो तेव्हा त्यावर पांढरट पट्टे असतात. सच्छिद्र जागेत नंतर रंग मुरतो आणि ते तपकिरी होतात. हे डाग ब्रशनं घासून जात नाहीत, कारण ते वर चिकटलेले नसतात.

भारतात अनेक राज्यांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत हा प्रश्न आहे. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकारार्ह आहे, तर दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १.५ मिलिग्रॅमच आहे. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्यानं त्याचं प्रमाण वाढतं.

बिघाडाची आणखी काही कारणं:

- टेट्रासायक्लिन गटातली अँटिबायोटिक्स: ही कॅल्शियमला चिकटतात आणि बनत असलेल्या दातात, विशेषतः डेंटिनमध्ये, अडकून बसतात. दात पिवळे, नंतर करडे-तपकिरी दिसतात. म्हणूनच गर्भारपणाच्या नंतरच्या महिन्यांत आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती सहसा देत नाहीत.
- किडलेला दुधाचा दात: त्याच्या मुळाशी पू झाला तर खाली बनत असलेल्या कायमच्या दाताचं एनॅमल बिघडू शकतं. दुधाच्या दाताला जोरात मार लागला तरीही तसं होऊ शकतं. 'पडणारच आहे, कशाला डॉक्टरकडे न्यायचं' हा विचार इथे महागात पडतो.
- मोलर इन्सायझर हायपोमिनरलायझेशन: यात कायमच्या पहिल्या दाढा आणि पुढचे दात कमकुवत एनॅमल घेऊनच येतात. जगभरात साधारण दर सात-आठ मुलांमागे एकात हे दिसतं. अशा दाढा ब्रश लावतानाही दुखतात आणि लवकर झिजतात.
- आनुवंशिक दोष: एनॅमल किंवा डेंटिनच्या प्रथिनांच्या जनुकांत बिघाड असेल तर सगळेच दात पातळ, खडबडीत किंवा रंग बदललेले येऊ शकतात.

मग फ्लोराइडची टूथपेस्ट वापरावी की नाही?

वापरावी. इथे अनेकांचा गोंधळ होतो. फ्लोरोसिस होतो तो दात बनत असताना जास्त फ्लोराइड पोटात गेल्यानं. टूथपेस्टमधलं फ्लोराइड दाताच्या पृष्ठभागावर काम करतं, झिजलेल्या जागी खनिज परत बसायला मदत करतं आणि तयार होणारा थर आम्लाला जास्त दाद देत नाही. प्रश्न प्रमाणाचा आणि गिळण्याचा आहे. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांसाठी वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. ब्रश करताना मोठ्या माणसानं जवळ थांबावं आणि मुलाला थुंकायला शिकवावं.

दात वर आल्यावर पुढे काय?

दात वर आला म्हणजे सगळं संपलं असं नाही. नव्या एनॅमलच्या पृष्ठभागात लाळेतलं कॅल्शियम, फॉस्फेट आणि फ्लोराइड मुरत राहतं आणि तो आणखी टणक होतो. म्हणून वर आल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षं दात किडण्याचा धोका जास्त असतो. मूळही तेव्हा अपुरं असतं, ते पूर्ण व्हायला आणखी दोन-तीन वर्षं लागतात.

गोड खाल्लं की तोंडातले जिवाणू आम्ल तयार करतात. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधलं खनिज विरघळायला लागतं. काही वेळानं लाळ आम्ल धुऊन काढते आणि खनिज परत बसतं. दिवसभर थोडं थोडं गोड चघळत राहिलं तर या दुरुस्तीला वेळच मिळत नाही. डेंटिन तर यापेक्षा सौम्य आम्लातही विरघळतं, त्यामुळे कीड एनॅमल ओलांडून आत गेली की वेगानं पसरते.

डेंटिनच्या बाबतीत एक चांगली गोष्ट आहे. ओडोंटोब्लास्ट पेशी जिवंत राहतात आणि आयुष्यभर आतल्या बाजूनं हळूहळू डेंटिन टाकत राहतात. कीड किंवा झीज जवळ आली तर त्या जागी जादा थर देऊन नसेचं रक्षण करायचा प्रयत्न करतात. वयानुसार दंतमज्जेची जागा लहान होत जाते ती यामुळेच. वय वाढल्यावर दात पिवळसर दिसण्यामागेही डेंटिन आहे. एनॅमल अर्धपारदर्शक असतं, ते झिजून पातळ झालं की खालचा पिवळा थर जास्त दिसतो.

आणि दात शिवशिवतात ते कशामुळे? एनॅमल झिजलं किंवा हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलं, की डेंटिनच्या नळ्यांची तोंडं उघडी होतात. नळ्यांत द्रव असतो. थंड, गोड किंवा आंबट लागलं की तो हलतो आणि आतल्या नसेला कळ जाणवते. मशेरी, राखुंडी, विटकरीची पूड यांसारख्या खरखरीत गोष्टींनी दात घासल्यानं एनॅमल झिजतं. मशेरीत तर तंबाखूही असते, म्हणजे धोका फक्त दातांपुरता राहत नाही.

कॅल्शियमच्या गोळ्यांनी एनॅमल परत येतं का?

नाही. तयार एनॅमलमध्ये रक्तवाहिन्याच नाहीत, त्यामुळे गोळीतलं कॅल्शियम रक्तातून तिथे पोहोचत नाही. 'एनॅमल रिपेअर' असं लिहिलेल्या पेस्टही सूक्ष्म पातळीवर गेलेलं खनिज भरून काढायला मदत करतात. पडलेला खड्डा त्या भरू शकत नाहीत. एनॅमलसारखे स्फटिक वाढवण्याचे प्रयोग प्रयोगशाळांत सुरू आहेत, पण रोजच्या उपचारांत आजही फिलिंग आणि कॅप हेच पर्याय आहेत.

गर्भारपणात बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं, हाही एक समज आहे. तसं होत नाही. त्या काळात दात बिघडतात ते सुजलेल्या हिरड्या, वारंवार होणाऱ्या उलट्यांमधलं आम्ल आणि वेळीअवेळी खाणं यांमुळे.

पालकांनी काय लक्षात ठेवावं?

- पहिला दात दिसला की ब्रश सुरू करा. पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा डेंटिस्टला दाखवा.
- झोपताना तोंडात दुधाची किंवा गोड पाण्याची बाटली देऊ नका.
- सहाव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे येणारी दाढ कायमची असते. ती येताना कोणताही दात पडत नाही, म्हणून अनेक घरांत ती दुधाचीच समजून दुर्लक्षित राहते. तिच्या खाचा सील करून घेता येतात, याबद्दल डेंटिस्टना विचारा.
- दुधाचा दात किडला किंवा त्याला मार लागला तर दाखवून घ्या.
- घरात बोअरवेलचं किंवा हातपंपाचं पाणी पीत असाल तर त्यातल्या फ्लोराइडची तपासणी करून घ्या.
- उरलेली जुनी अँटिबायोटिक्स मुलांना स्वतःच्या मनानं देऊ नका.
- आंबट किंवा कोल्ड्रिंक घेतल्यावर लगेच ब्रश करू नका. आधी पाण्यानं चूळ भरा आणि अर्धा तास थांबा.

आठ वर्षांचं होईपर्यंत मुलाच्या अक्कलदाढा सोडून बहुतेक सगळ्या कायमच्या दातांचं एनॅमल तयार झालेलं असतं. त्यानंतर ते फक्त जपता येतं.